कमी कपडे, मोकळं कपाट: मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका माणसाला नेमके किती कपडे पुरतात?

हा आकडा कपाटाकडे बघून काढू नका, वाळत घालायच्या दोरीकडे बघून काढा. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी वाळत घातलेला सुती शर्ट दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच शर्टाला घरात पंख्याखाली दोन दिवस लागतात. म्हणून हिशेब जुलैचा करायचा. रोज धुणं होणारं घर धरू. अंगावर १, दोरीवर २ (कालचा आणि परवाचा), इस्त्रीवाल्याकडे २, अडीअडचणीला १. झाले ६. मशीन आठवड्यातून दोनदाच लागत असेल, तर मळलेले कपडे टोपलीत तीन दिवस पडून राहतात. त्यांचे ३ वाढवा, म्हणजे ९. बाहेर जायच्या शर्ट-कुर्त्यांसाठी ही वरची मर्यादा समजा. कपाटात पंचवीस शर्ट असले, तरी फिरत राहतात ते हेच नऊ. बाकीचे सोळा नऊ शर्टांची हवा अडवून बसलेले असतात.

पँटचा हिशेब वेगळा, कारण पँट दोनदा घातली जाते. कामावर जाण्यासाठी ३ ते ४ आणि एखादी जीन्स. आतल्या कपड्यांना इस्त्री लागत नाही, तरी पावसाळ्यात दिवसातून दोनदा बदलावे लागतात. म्हणून ७ ते ८. पॅडेड ब्रा वाळायला सर्वांत जास्त वेळ घेते, तेव्हा त्यांतल्या निदान तीन बिनपॅडच्या असाव्यात. घरात घालायचे गाऊन, टी-शर्ट, बर्म्युडा प्रत्येकी ४. थंडीसाठी एक स्वेटर आणि एक शाल. मुंबईची पहाट जानेवारीत सोळा-सतरा अंशांवर आली तरी आपल्याला हुडहुडी भरते, पण तेवढ्यासाठी वर्षभर चार जॅकेटं सांभाळण्याची गरज नाही. गावी किंवा महाबळेश्वरला जाताना एखादं मागूनही चालतं.

ही आवराआवर कोणत्या महिन्यात करावी?

ऑक्टोबरात. पाऊस गेलेला असतो, ऊन कडक असतं, दिवाळीची साफसफाई तशीही निघतेच. कपाटातून काढलेला प्रत्येक कपडा खिडकीत दोन तास टाकता येतो. दुसरी, छोटी फेरी मेच्या अखेरीस करा. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्याआधी कपाट निम्मं हलकं झालेलं असेल तर पुढचे चार महिने बरे जातात.

जून ते सप्टेंबर मोठी आवराआवर काढू नका. त्या दिवसांत बाहेर काढलेला कोरडा कपडा हवेतली ओल पितो आणि ती घेऊनच परत कपाटात जातो.

आमचं घर एका खोलीचं आहे. सगळे कपडे एकदम पलंगावर काढा असं सांगतात. मग झोपायचं कुठे?

सगळे काढू नकाच. तो सल्ला मोठ्या घरांसाठी आहे. वन रूम किचनमध्ये ढीग रात्री परत कपाटात कोंबावा लागतो आणि सकाळी हुरूप संपलेला असतो.

एका बैठकीला एकच कप्पा घ्या, वेळ चाळीस मिनिटं. खाली चादर अंथरा आणि चार जागा ठरवा: ठेवायचे, दुरुस्तीचे, द्यायचे, पुसायला घ्यायचे. पाचवी जागा ‘बघू’ म्हणून करायचा मोह होईल, ती करू नका. प्रत्येक कपड्याच्या बाबतीत मनात शंका आली की तो अंगात घाला. हात वर करा, खाली उकिडवे बसा, बटणं लावा. काखेत ओढतोय, बसल्यावर पाठीतून वर सरकतोय, टोचतोय असं काही जाणवलं, तर तो कपडा का पडून होता याचं उत्तर तिथेच मिळतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आतले कपडे आणि मोजे, कारण तिथे जीव अडकत नाही. मग घरातले, मग कामाचे, मग सणाचे आणि सगळ्यात शेवटी आठवणींचे. पहिल्याच दिवशी लग्नातला शालू हातात घेतलात तर काम तिथेच थांबणार. पहिल्या बैठकीत इलॅस्टिक सैल पडलेले, ताणून जाळी झालेले, जोडी हरवलेले तेवढे निघाले तरी एक मोठी पिशवी भरते.

कोणता कपडा वापरात नाही हे ओळखायचं कसं? सगळेच वापरतो असं वाटतं.

आपल्याकडे बहुतेक कपडे घडी करून ठेवले जातात, त्यामुळे हँगर उलटा लावून खूण करण्याची युक्ती फारशी चालत नाही. त्याऐवजी असं करा. धुऊन आलेला कपडा नेहमी चळतीच्या वरच ठेवा आणि तीन महिने चळत खालीवर करू नका. तीन महिन्यांनी तळाला जे उरलं ते तुम्ही वापरत नाही. साड्यांसाठी प्रत्येक घडीत तारखेची चिठ्ठी ठेवा आणि नेसली की नवी तारीख टाका.

ही मोजणी नोव्हेंबर ते मे या काळात करा. पावसाळ्यात आपण तेच ते लवकर वाळणारे कपडे घालतो, त्यामुळे चित्र फसवं येतं.

‘बारीक झाले की घालीन’ म्हणून ठेवलेल्या कपड्यांचं काय?

एकच माप खालचं ठेवा, तेही जास्तीत जास्त चार कपडे. त्याहून लहान असलेलं सगळं द्या. जपून ठेवलेला कपडा मुंबईत जसाच्या तसा राहत नाही हे ध्यानात घ्या. लेगिंग आणि स्ट्रेच जीन्समधला ताणणारा धागा न वापरताही मरतो. रेक्झिनसारख्या दिसणाऱ्या पीयूच्या पर्सेस, चपला, जॅकेटं दमट हवेत आपोआप सुटू लागतात. एखाद्या दिवशी कपाटातून पर्स काढावी, तर काळे पापुद्रे हाताला चिकटतात. बंद पेटीत ठेवण्याला इथे जपणं म्हणता येत नाही. घालणं, धुणं आणि वारा देणं यातच कपडा टिकतो.

पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो आणि कपड्यांवर बुरशी धरते. हे कपडे कमी केल्याने थांबेल का?

बरंचसं थांबेल. बुरशीला ओल आणि कोंडलेली हवा लागते. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते, ती आपल्या हातात नाही. कोंडलेली हवा मात्र आपल्या हातात आहे.

नेहमीचं लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असतं. एका कप्प्यात शेजारी शेजारी तीन चळती बसतात. चौथी कोंबू नका. चळत आठ-नऊ इंचांवर नेऊ नका आणि वर चार बोटं जागा सोडा. मागच्या पत्र्याला कपडा टेकता कामा नये, कारण गार पत्र्यावर दव धरतं आणि पहिला काळा ठिपका तिथेच उमटतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तीन इंच पुढे ओढा आणि खाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे द्या. त्या भिंतीला गळती असेल तर कपाटाची जागाच बदला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. इस्त्री केलेला कपडा गरम असताना आत ठेवू नका, अर्धा तास बाहेर राहू द्या. पावसात भिजून आलेला कपडा टोपलीत टाकू नका, रात्री धुणं शक्य नसेल तर निदान पसरून ठेवा. एकदा घातलेला आणि ‘अजून चालेल’ असा कपडा धुतलेल्यांच्या चळतीत परत घालू नका, कपाटाबाहेर खुंटीला लावा. उघडीप मिळाली की कपाटाची दारं तासभर सताड उघडी ठेवून पंखा समोर लावा.

ओल शोषणारे पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात. ते उपयोगी पडतात, पण दार बंद असेल तरच. त्यात साठणारं पाणी खारं असतं. डबा आडवा झाला तर कपड्याला डाग पडतो आणि पत्रा गंजतो, म्हणून तो सर्वांत खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा आणि भरला की ओता.

बुरशी धरलीच तर सुती कपडा आधी घराबाहेर कोरड्या ब्रशने झटका, मग गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. घरात झटकलात तर तीच बुरशी बाकीच्या कपड्यांवर बसते. रेशमी कपड्यावर ब्रश चालवू नका, ड्रायक्लीनला द्या. काळे ठिपके जुने झाले की कापसातूनही पूर्ण जात नाहीत.

डांबर गोळ्या घालाव्यात का?

घरात तान्हं बाळ असेल तर अजिबात नको. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. डांबर गोळ्यांच्या वाफेने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होते. झबली, दुपटी, कुंच्या ज्या पेटीत आहेत त्यात गोळी कधीही टाकू नका. थोरल्या भावंडाची जपून ठेवलेली झबली-टोपडी काढताना गोळ्यांचा वास आला, तर धुऊन, उन्हात घालून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाला घाला.

इतरांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे, वाळा किंवा सुकवलेला कडुनिंब मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. वास उतरला की बदला. मात्र पुरचुंडीवर सगळा भरवसा नको. कसर मळलेल्या आणि खळ घातलेल्या कपड्यांवर आधी येते, कारण खळ म्हणजे तिचं अन्नच. वर्षभरासाठी ठेवायच्या सुती साड्यांची खळ धुऊन काढूनच घडी घाला.

साड्या शंभरच्या वर आहेत. कमी करायच्या तर सुरुवात कुठून करू?

ब्लाउजपासून. साडी नेसली जात नाही याचं कारण बहुतेक वेळा साडीत नसतंच. ब्लाउज दंडात घट्ट झालेला असतो, फॉल-पिको राहिलेलं असतं, नाहीतर परकर जुळत नसतो. सगळ्या साड्यांचे तीन गट करा. पहिला, आज सकाळी नेसता येतील अशा. दुसरा, फक्त ब्लाउज किंवा फॉलसाठी अडलेल्या. तिसरा, सगळं असूनही दोन वर्षांत न नेसलेल्या. द्यायच्या त्या तिसऱ्या गटातून काढा. दुसऱ्या गटातून पाच निवडा, त्याच आठवड्यात टेलरकडे न्या, आणि उरलेल्यांबद्दल स्वतःला खरं उत्तर द्या.

ब्लाउज उसवून बघा. चांगल्या टेलरने दोन्ही कुशींत इंच-दीड इंच कापड सोडलेलं असतं, तेवढ्याने ब्लाउज सहज दोन-अडीच इंच मोठा होतो. यापुढे प्रत्येक साडीला जुळता ब्लाउज शिवण्याऐवजी चार चांगले शिवा: काळा, मोतिया, मरून आणि सोनेरी जरीचा. या चारांवर पंधरा-वीस साड्या निघतात. परकर पाच पुरतात: काळा, पांढरा, मरून, हिरवा, निळा.

पैठणी, कांजीवरम, शालू यांना वेगळी वागणूक हवी. प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्यांत आतली ओल बाहेर पडत नाही आणि जर काळवंडते. जुन्या, मऊ झालेल्या धोतराचा तुकडा उत्तम. साडी त्यात गुंडाळा, जर आतल्या बाजूला घ्या आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या ठिकाणी घाला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की पैठणीचा पदर तिथेच चिरतो. घडीच्या बाकात मऊ कापडाची सुरळी ठेवली तर ताण कमी होतो. जड साडी हँगरला टांगू नका, वजनाने काठ ओढला जातो. वारा द्यायचा तो सावलीत. आणि ठेवण्याआधी पदर, निऱ्या आणि खांदा बोटांनी चाचपा. विसरलेली एक सेफ्टीपिन पावसाळ्यात गंजते, आणि पदराच्या सात थरांत सात तपकिरी भोकं पाडून ठेवते.

ड्रायक्लीनरकडून आलेले तारेचे हँगरही असेच गंजतात. ते परत करा. गंजाचा डाग पडलाच तर ब्लीच घालू नका, त्याने तो पक्का होतो. सुती पांढऱ्या कापडावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावं, मग धुवावं.

नवरात्रीत नऊ रंग लागतात. त्याशिवाय ऑफिसच्या फोटोत वेगळं दिसतं. काय करावं?

रंगांची यादी दर वर्षी नवी वाटते, पण मुख्य रंग वारांवर बेतलेले असतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी. घटस्थापना ज्या वारी येते तिथून क्रम सुरू होतो आणि उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले रंग येतात. म्हणजे गेल्या वर्षीचेच कपडे पुन्हा चालतात. कपाटात नसलेल्या रंगासाठी ओढणी पुरते. एक पांढरा आणि एक काळा कुर्ता, त्यावर रंगीत ओढण्या. करड्या रंगाची साडी वर्षातून एकदाच निघते, ती बहिणी-जावांत एकच असू द्या आणि फिरवा.

आहेरात आलेले ब्लाउजपीस, शर्टपीस, टॉवेल-टोपी साठत जातात. देणाऱ्याचा मान राखून ते कमी कसे करायचे?

आहेराचा मान तो हातात घेताना राखला गेला. नंतर तो पेटीत कुजवण्याने कुणाचा मान वाढत नाही. ब्लाउजपीस हातात आला की त्याच दिवशी दोन बोटांत चोळा. सुती, शिवण्याजोगा असेल तर टेलरच्या पिशवीत. पातळ आणि सिंथेटिक असेल तर पुढच्या ओटीसाठी दहा नगांची एकच थप्पी ठेवा. थप्पी दहावर गेली की नवे थांबवा आणि त्यांच्या चपलेच्या किंवा दागिन्यांच्या पिशव्या शिवून टाका. ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्यात मध्यम आकाराच्या चार पिशव्या होतात.

शर्टपीस सहा महिन्यांत शिवला नाही तर तो शिवून होणार नाही, शिवणाऱ्याला द्या. घरच्या कार्यात पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणं आता सर्रास झालं आहे, कुणाला ते खटकत नाही. जवळच्या माणसांना मात्र तोंडी सांगा. छापील ओळ आपल्यासाठी नाहीच असं आत्या-मावश्यांना वाटतं.

मुलांचे कपडे?

चार वर्षांनंतर मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणून पँट-फ्रॉकला आतून दोन इंच दुमड ठेवून घ्या आणि दर वर्षी एक टीप उसवा. शाळेचे गणवेश तीन असावेत, दोनांत जुलै निघत नाही. सणाचा जोड वर्षाला एकच, तोही दिवाळीचा. बाळाच्या बारशाला येणारे ढीगभर फ्रॉक मापाचे होईपर्यंत थांबू नका. लेबल पाहून महिन्यांप्रमाणे पिशव्या करा आणि ज्या मापाच्या पाचांहून जास्त असतील ते वरचे, लेबलासकट, लगेच दुसऱ्या बाळाला पाठवा.

कमी घ्यायचे पण चांगले घ्यायचे, तर कापड कसं पारखायचं?

मुंबईत कपड्याचा कस लोकलमध्ये लागतो. सॅकचा पट्टा खांद्यावर घासतो, कॉलर घामाने विरते, काख ओढली जाते. दुकानात याच तीन जागा बघा. उजेडाकडे धरल्यावर खांद्याची शिलाई दोन्ही बाजूंनी ताणून भोकं मोठी होतात का पाहा. आत कापड किती सोडलंय ते पाहा, अर्ध्या इंचाहून कमी असेल तर पुढे सैल करता येणार नाही. ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूला घासा, रंग लागला तर तो कपडा बाकीच्यांत धुता येणार नाही.

सुती कापड घाम पितं पण वाळायला वेळ घेतं. पूर्ण पॉलिस्टर झटकन वाळतं, पण घामाचा तेलकट वास धरून ठेवतं. म्हणून पावसाळ्यासाठी सुती-पॉलिस्टर मिश्रण, म्हणजे आपलं जुनं टेरिकॉट, बरं. उन्हाळ्याला मलमल आणि खादी. रेयॉनच्या कुर्त्यांबाबत सावध राहा. अंगाला गार लागतात आणि स्वस्त असतात, पण रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं. पिळलं की शिवणीत उसवतं आणि पाच-सहा धुण्यांत लांबी-रुंदी बदलते. बऱ्याच कुर्त्या अशाच बाद होतात. घ्यायचीच तर न पिळता, निथळत वाळवा.

शिवून घेणं अजूनही परवडतं. मंगळदास मार्केट किंवा हिंदमाताला कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, ५८ इंचीचं साधारण १.६ मीटर. पँटला ५८ इंची सव्वा मीटर. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही मनगटाच्या वर जाते.

रंगांचा एक नियम पाळा: खालचे कपडे दोनच रंगांचे आणि वरचा प्रत्येक कपडा त्या दोन्हींवर जाणारा. ज्या शर्टाला नवी पँट घ्यावी लागेल तो शर्ट दोन कपड्यांच्या किमतीचा.

लग्नाची शेरवानी, घागरा विकत घ्यावा की भाड्याने?

भाड्याने. शेरवानी दुसऱ्यांदा घातलेली क्वचितच दिसते. आठ दिवस आधी घालून पाहा, आधीच असलेल्या डागांचे आणि उसवलेल्या टाक्यांचे फोटो दुकानातच काढा आणि अनामत रकमेच्या पावतीवर परत करायची तारीख लिहून घ्या.

दुरुस्तीला टाकलेले कपडे वर्षानुवर्षं पिशवीतच राहतात.

कारण पिशवीला तारीख नसते. तीस दिवस द्या. बटण, हूक, उसवलेली टीप घरी करा. बाकी टेलर आणि रफूवाल्याकडे. विरलेली शर्टाची कॉलर उलटवून मिळते, हे कित्येकांना आता ठाऊक नसतं. कॉलर काढून, उलटी करून परत शिवली की चांगला शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. मांडीला विरलेल्या जीन्सला भोक पडायच्या आधी आतून ठिगळ लावा, पडल्यावर नाही. काखेतले पिवळे डाग घाम आणि डिओतल्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं की ते आणखी पिवळे होतात. खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट अर्धा तास लावून हलक्या हाताने चोळा, मग धुवा.

काढलेले कपडे द्यायचे कुठे? बोहारीण आता क्वचितच येते.

येत असेल तर तिलाच द्या. ती घासाघीस करते ती हौसेने नव्हे, तो तिचा धंदा आहे. तिने नेलेला कपडा निवडला, धुतला, दुरुस्त केला आणि जुन्या बाजारात विकला जातो, म्हणजे तो खरंच कुणाच्या तरी अंगावर जातो. एका पातेल्यासाठी तिच्याशी अर्धा तास वाद घालू नका.

संस्थांना देताना एक कसोटी लावा: हाच कपडा मी आपल्या भाचीला देईन का? डागाळलेले, चेन तुटलेले, आतले कपडे देऊ नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्यांच्या गावांना ते उपयोगाचे नव्हते आणि ते हटवण्याचं काम मात्र वाढलं. पुराच्या बातमीनंतर कपाट रिकामं करून पाठवण्याआधी तिथे काय हवं आहे ते विचारा. १९९९ पासून काम करणारी गूंज ही संस्था जुन्या कपड्यांचा नीट वापर करते, अगदी फाटक्या सुती कापडाचे पाळीसाठीचे पॅडही बनवते. नेण्यापूर्वी त्यांचं संकलन सध्या कुठे चालू आहे ते पाहा. धुऊन, कोरडे करून, पुरुष-स्त्री-मुलं असे वेगळे गठ्ठे बांधून द्या.

घरकाम करणाऱ्या ताईंना द्यायचं तर आधी विचारा, त्यांना निवडू द्या, आणि ते दिवाळीच्या बोनसमध्ये धरू नका.

मऊ सुती साड्या मात्र घराबाहेर काढू नका. पाचवारी साडी साडेपाच मीटर लांब असते. तिचे तीन तुकडे केले की सुमारे १.८ मीटर लांबीचे तीन थर मिळतात. दोन साड्यांत सहा थरांची एका माणसाची गोधडी होते. नऊवारीत दोन-दोन मीटरचे चार थर निघतात. कडेपासून आत, दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालत जायचं. सिंथेटिक साडी मधे घालू नका, ती थरांतून सरकते आणि धुतल्यावर गोळा होते.

आई गेली. तिच्या साड्यांचं कपाट उघडवत नाही.

उघडू नका, निदान वर्षश्राद्धापर्यंत. फक्त पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कुणाला तरी सांगून दारं उघडी ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही. वेळ येईल तेव्हा भावंडांनी एकत्र बसा. प्रत्येकाने आधी एकेक साडी निवडावी, मग बाकीच्यांबद्दल बोलावं. जी साडी तुम्ही नेसणार आहात तीच ठेवा. रोजच्या वापरातल्या सुती साड्यांच्या गोधड्या करा, आईचा वास त्यांतच जास्त असतो. जुन्या जरीच्या साड्या दारावर येणाऱ्याला घाईत देऊ नका. खरी जर चांदीच्या तारेची असते, दोन ठिकाणी भाव विचारूनच काय ते ठरवा.

घरातले बाकीचे ऐकत नाहीत. त्यांचे कपडे मीच आवरून टाकू का?

नाही. न विचारता दिलेल्या एका जुन्या शर्टाचा विषय पुढची दहा वर्षं निघतो. तुमचे कप्पे आवरा आणि मोकळी झालेली जागा मोकळीच राहू द्या, त्यांचे कपडे तिथे सरकवू नका. सासूबाईंच्या पेटीबाबत मदत देऊ करायची ती इतकीच: ‘ऊन छान आहे, साड्यांना वारा देऊया का?’ घड्या मोडताना कोणती कुणाला द्यायची हे त्या स्वतःच सांगू लागतात.

आम्ही तळमजल्यावर राहतो, पाणी भरतं. जास्तीचे कपडे पलंगाच्या पेटीत ठेवले तर चालतील?

नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या वेळी तळमजल्यांवर सगळ्यात आधी भिजल्या त्या पलंगाखालच्या पेट्या आणि कपाटाचे खालचे कप्पे. सखल भागात राहत असाल तर मे संपायच्या आत खालचे तीन फूट कपड्यांपासून रिकामे करा आणि तिथे भांडी, बादल्या ठेवा. माळ्यावर जे मावेल तेवढंच ठेवा. गठ्ठे जुन्या चादरीत बांधा आणि त्यावर कागदाची चिठ्ठी नको, रंगीत दोरा बांधा. चिठ्ठीची शाई ओलीने पसरते आणि कापडावर उतरते.